गच्चीवरचं सौर आणि गल्लीतला डीपी : घरची वीज महावितरणच्या जाळ्याला जोडताना

सौर पॅनल बसवायचं ठरलं की घरात पहिली चर्चा होते ती कंपनीची आणि दुसरी अनुदानाची. रस्त्यावरच्या खांबाकडे आणि कोपऱ्यावरच्या डीपीकडे सहसा कुणी वर मान करून बघत नाही. पण गच्चीवर तयार झालेली जादा वीज दुपारी एक वाजता त्याच खांबावरच्या तारेने बाहेर पडायची असते. ती बाहेर पडू शकली नाही, तर कितीही चांगले पॅनल असले तरी इन्व्हर्टर (पॅनलच्या डीसी विजेची घरात चालणारी एसी वीज करणारं यंत्र) बंद पडतो आणि ऐन उन्हाची वीज वाया जाते. म्हणून या लेखाची सुरुवात तारेपासून करतो.

लेख आहे पहिल्यांदाच सौर बसवणाऱ्यांसाठी : स्वतंत्र घर, बंगला, रो-हाउस किंवा छोटी सोसायटी, आणि ग्राहक महावितरणचे. मुंबईत बेस्ट, टाटा किंवा अदानीचं कनेक्शन असेल तरी नियम महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचेच लागू होतात, त्यामुळे बहुतेक गोष्टी तशाच आहेत. गोव्यात वीज खातं वेगळं आणि आयोगही वेगळा. तिथल्या वाचकांनी तांत्रिक भाग जसाच्या तसा घ्यावा, अर्जाचा भाग आपल्या खात्याकडून तपासून घ्यावा.

आधी वीज कुठून कुठे जाते ते बघू

सबस्टेशनमधून ११ किंवा २२ हजार व्होल्टचा फीडर, म्हणजे मुख्य वाहिनी, निघतो. तो गल्लीतल्या रोहित्रापर्यंत (ट्रान्सफॉर्मरपर्यंत) येतो. यालाच आपण डीपी म्हणतो. तिथे दाब उतरवून ४३३ व्होल्ट केला जातो आणि तीन फेज व एक न्यूट्रल अशा चार तारांनी वीज खांबाखांबाने घरांपर्यंत पोचते. ही सगळी मांडणी एका दिशेच्या प्रवाहासाठी झाली. डीपीजवळचं घर पहिलं, टोकाचं घर शेवटचं, आणि टोकाला दाब सगळ्यात कमी, असं गृहीत धरूनच तारांची जाडी ठरवली गेली.

सौर आलं की दुपारपुरतं हे चित्र उलटतं. तुमच्या घरात वीज उरली की ती फार लांब जात नाही. शेजारच्या फ्रिजमध्ये, पलीकडच्या पिठाच्या गिरणीत खर्च होते. तेवढा वापर गल्लीत नसेल तर ती डीपीकडे आणि तिथून वरच्या फीडरवर चढते. उताराशिवाय पाणी वाहत नाही, तसाच दाबातल्या फरकाशिवाय प्रवाह वाहत नाही. त्यामुळे वीज बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरला आपल्याकडचा दाब तारेपेक्षा थोडा चढा ठेवावा लागतो. तार जितकी बारीक आणि डीपी जितका दूर, तितका तो जास्त चढवावा लागतो. घरगुती सौरच्या बहुतेक तांत्रिक तक्रारींचं मूळ या एका गोष्टीत सापडतं.

आता एक आकडा लक्षात ठेवा. आपल्याकडे घरगुती दाब २३० व्होल्ट, त्यात ६ टक्के वर-खाली चालतं. म्हणजे साधारण २१६ ते २४४. पण रोहित्राच्या पाटीवर ४३३ व्होल्ट लिहिलेलं असतं, आणि ४३३ चा फेज-ते-न्यूट्रल दाब येतो २५० व्होल्ट. भार असताना तो उतरतो, पण दुपारी लोक कामाला गेलेले, पंखे बंद, अशा वेळी डीपीजवळच्या घरात २४० च्या पुढचा आकडा सौर बसवण्याआधीच दिसू शकतो. वर चढायला जागा किती उरली, हे पॅनल विकत घेण्यापूर्वी माहीत हवं.

पायरी १ : डीपी शोधा, लांबून वाचा

तुमचं घर कोणत्या डीपीवर आहे ते शोधा. गल्लीचा लाइनमन एका वाक्यात सांगेल. रोहित्राच्या पाटीवर त्याची क्षमता असते : ६३, १००, २००, ३१५ केव्हीए अशी. कुंपणाच्या आत जायचं नाही, पेटी उघडायची नाही. बाहेरून मोबाइलने झूम करून फोटो काढला तरी आकडा दिसतो.

मग मोजा, याच डीपीवर आधीपासून किती गच्च्यांवर पॅनल आहेत. एका रोहित्रावर जोडलेल्या सगळ्या सौर यंत्रणांची मिळून क्षमता किती असावी, याला आयोगाच्या २०१९ च्या विनियमांनी मर्यादा घातली : रोहित्राच्या क्षमतेच्या ७० टक्के. म्हणजे १०० केव्हीएच्या डीपीवर ढोबळ मानाने ७० किलोवॅट. पाच-पाच किलोवॅटची चौदा घरं झाली की जागा भरली. जुन्या वसाहतीत ही वेळ यायला अवकाश आहे, पण पुणे, नाशिक, नागपूरच्या नव्या बंगल्यांच्या कॉलन्यांमध्ये एकाचं बघून दुसरा बसवतो आणि दोन वर्षांत अर्धी गल्ली सौर होते. अशा ठिकाणी हा आकडा आधी विचारलेला बरा.

डीपीपासून तुमच्या घरापर्यंतचं अंतर पावलांनी मोजा आणि तुमच्या पुढे किती खांब आहेत तेही बघा. तुम्ही शेवटच्या खांबावर असाल, तर पुढच्या दोन पायऱ्या जरा जास्तच काळजीने करा.

पायरी २ : आठवडाभर दाब मोजा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. माझ्या मते सगळ्या तयारीत हिची किंमत सर्वात जास्त आणि खर्च सर्वात कमी आहे. सॉकेटमध्ये लावायचा साधा डिजिटल व्होल्टमीटर काही शे रुपयांत मिळतो. तो लावून सकाळी ८, दुपारी १२ ते २ च्या दरम्यान आणि रात्री ८ वाजता दिसणारा आकडा वहीत लिहायचा. रविवारची दुपार चुकवू नका. दुकानं आणि कारखाने बंद असतात तेव्हा भार सर्वात कमी आणि दाब सर्वात चढा असतो.

आकडे कसे वाचायचे? दुपारी २२५ ते २३५ असेल तर निश्चिंत राहा. २४० च्या आसपास असेल तर इन्व्हर्टरची जागा, केबलची जाडी आणि फेज या तिन्हींवर लक्ष द्यावं लागेल. २४५ च्या वर जात असेल तर पॅनल मागवण्यापूर्वी महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी तक्रार द्या. हा दोष तुमच्या घराचा नाही, तारेचा किंवा रोहित्राचा आहे, आणि सौर बसल्यावर तो वाढणार आहे. रात्रीचा आकडा २०० च्या खाली आणि दुपारचा २४५ च्या वर, असा मोठा झोका दिसला तर तार बारीक आहे किंवा कुठेतरी न्यूट्रलचा जोड ढिला आहे. न्यूट्रल ढिली असणं धोक्याचं असतं, सौर बसवा वा नका बसवू. त्याची तक्रार त्याच दिवशी करा.

पायरी ३ : बिलावरून आकार ठरवा, मे महिन्यावरून नाही

महाराष्ट्रात १ किलोवॅटचे पॅनल दिवसाला सरासरी ४ युनिट, वर्षाला साधारण १४०० युनिट देतात. सावली नसलेली सुमारे १०० चौरस फूट जागा किलोवॅटमागे लागते. जुलै-ऑगस्टमध्ये निर्मिती बरीच घसरते, मार्च ते मेमध्ये ती भरपूर असते.

मागच्या बारा बिलांची युनिट एकत्र करा आणि १४०० ने भागा. वर्षाला ३६०० युनिट वापरणाऱ्या घराला अडीच ते तीन किलोवॅट पुरतात. एसी चालतो त्या महिन्याचं बिल समोर धरून पाच-सहा किलोवॅट बसवायचा आग्रह विक्रेते करतात. त्याला बळी पडू नका. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे दिलेली आणि घेतलेली वीज वळती करण्याच्या पद्धतीत, उरलेली युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, पण ३१ मार्चला हिशेब बंद होतो आणि तेव्हा शिल्लक युनिट आयोगाने ठरवलेल्या दराने घेतली जातात. तुम्ही वीज विकत घेता त्या दरापेक्षा तो बराच कमी असतो. जास्तीचे पॅनल म्हणजे स्वस्तात विकायची वीज, आणि त्याच वेळी गल्लीतल्या तारेवर नाहक चढलेला दाब.

बिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो, तोही बघा. यंत्रणा त्याहून मोठी हवी असेल तर भार वाढवावा लागतो. शिवाय बिल शून्य होईल अशी जाहिरात कुणी केली तरी स्थिर आकार लागतोच. तो तारेचा, रोहित्राचा आणि रात्री अकराला फ्यूज बांधायला येणाऱ्या माणसाचा खर्च आहे, हे मान्य करून हिशेब मांडा.

पायरी ४ : फेज

सिंगल फेज कनेक्शनवर लहान यंत्रणा सहज जोडली जाते, आणि अर्जाच्या कागदावर तुम्ही कोणत्या फेजवर आहात याची चर्चा होत नाही. तारेवर मात्र त्याने मोठा फरक पडतो. उदाहरण मांडूनच बघू.

एका गल्लीच्या टोकाला, डीपीपासून ३०० मीटरवर, तीन घरं आहेत. प्रत्येकाचं सौर ५ किलोवॅट. लाइन ५० चौरस मिलीमीटर ॲल्युमिनियमची. तिचा रोध किलोमीटरला साधारण ०.६४ ओहम, म्हणजे ३०० मीटरला ०.१९. न्यूट्रलही तेवढ्याच जाडीची धरू. भर दुपारी तिन्ही घरांत वापर नाही, सगळी वीज बाहेर चालली आहे.

तिन्ही घरं एकाच फेजवर असतील तर त्या फेजमधून ६५ अँपिअर जातात आणि न्यूट्रलमधून तेवढेच परततात. दाब चढतो ६५ गुणिले ०.१९ गुणिले २, म्हणजे सुमारे २५ व्होल्ट. डीपीवर २३० असेल तर घरांत २५५.

तीच तीन घरं तीन वेगवेगळ्या फेजवर वाटली, तर प्रत्येक फेजमध्ये २२ अँपिअरही नाहीत, न्यूट्रलमध्ये जवळजवळ काहीच नाही, आणि दाब चढतो फक्त ४ व्होल्ट.

तार तीच, पॅनल तेच, ऊन तेच. २५ आणि ४. यासाठी नवा खांब नको की नवं रोहित्र नको; खांबावर चढून दोन सर्व्हिस वायर दुसऱ्या फेजला जोडल्या की काम होतं. अर्थात ते काम फक्त महावितरणच्या कर्मचाऱ्याने करायचं. तुम्ही करायचं ते इतकंच : शेजारी आधीपासून सौर असेल तर तो कोणत्या फेजवर आहे ते लाइनमनकडून विचारून घ्या आणि आपल्याला वेगळी फेज द्यावी, असं अर्जासोबत एका ओळीत लिहून द्या. थ्री फेज कनेक्शन असेल आणि यंत्रणा ५ किलोवॅट किंवा त्याहून मोठी असेल, तर इन्व्हर्टर थ्री फेजच घ्या. थोडे पैसे जास्त जातात, पण वर्षानुवर्षांची कटकट वाचते.

पायरी ५ : अर्ज

घरगुती ग्राहकांसाठी सध्या मुख्य मार्ग ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना’ हा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत देशभरात १ कोटी घरांचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. अनुदान पहिल्या २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॅटसाठी १८,०००, आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला एकूण ७८,०००. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी, किलोवॅटमागे १८,०००. पॅनल भारतात बनलेल्या सेलचेच असावे लागतात आणि विक्रेता नोंदणीकृत असावा लागतो. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करायचा. ग्राहक क्रमांक, ताजं बिल आणि बँक खातं हाताशी ठेवा. बिल आजोबांच्या नावावर आणि बँक खातं तुमचं, असा प्रकार असेल तर आधी कनेक्शनचं नाव बदलून घ्या. अर्ज इथे अडकू शकतो.

केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीने तीन गोष्टी सोप्या झाल्या. १० किलोवॅटपर्यंतच्या घरगुती सौरला तांत्रिक व्यवहार्यतेच्या अभ्यासाची अट राहिली नाही. अर्ज मान्य झाला असं धरायचं. ५ किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेसाठी तार किंवा रोहित्र मजबूत करावं लागलं तर तो खर्च वितरण कंपनीने करायचा. आणि यंत्रणा बसल्याची कागदपत्रं दिल्यावर ती चालू करून देण्याची मुदत ३० दिवसांवरून १५ दिवसांवर आली. यातली दुसरी तरतूद फार कमी ग्राहकांना माहीत आहे. ‘तुमच्या गल्लीत क्षमता नाही, केबलचे पैसे भरा’ असं कुणी तोंडी सांगितलं, तर ते लेखी मागा.

ही सवलत चांगलीच आहे. फक्त अभ्यास माफ झाला म्हणून तारेचा रोध कमी होत नाही. म्हणून वर सांगितलेली मोजणी घरच्या घरी करायची.

पायरी ६ : साहित्य निवडताना जाळ्याकडे तोंड असलेले भाग

पॅनल मोनो पर्क की टॉपकॉन, यावर इंटरनेटवर भरपूर लिहिलेलं आहे; मी त्यात शिरत नाही. वितरण जाळ्याच्या दृष्टीने तीनच गोष्टींकडे बघा.

पहिली इन्व्हर्टर. त्याला आयएस १६२२१ (भाग २) आणि आयएस १६१६९ ही प्रमाणपत्रं हवीत. दुसरं जास्त महत्त्वाचं, कारण ते सांगतं की बाहेरची वीज गेल्यावर हा इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. खांबावर वीज बंद करून लाइनमन चढला आणि तुमचा इन्व्हर्टर तारेत वीज सोडत राहिला, तर त्याच्या जिवाशी खेळ होतो. म्हणूनच लोडशेडिंगमध्ये साधं सौर चालत नाही. ‘ऊन असूनही घरात अंधार’ ही तक्रार अनेकजण नंतर करतात. हे आधीच समजून घ्या. वीज गेल्यावरही पंखे-दिवे हवे असतील तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो. तोही घराला जाळ्यापासून तोडून मगच आतला पुरवठा चालवतो.

इन्व्हर्टर बसवताना त्यात ‘भारत’ हा ग्रिड कोड, म्हणजे जाळ्याशी जोडून राहण्याच्या मर्यादांचा संच, निवडला आहे ना, ते समोर उभं राहून बघा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या मानकांनुसार दाब ११० टक्क्यांच्या वर, म्हणजे २५३ व्होल्टच्या पुढे किंवा ८० टक्क्यांच्या खाली गेला तर इन्व्हर्टरने २ सेकंदांत जाळ्यापासून सुटायला हवं, वारंवारता ५०.५ हर्ट्झवर किंवा ४७.५ च्या खाली गेली तर ०.२ सेकंदात, आणि सगळं ठीक झाल्यावर किमान ६० सेकंद थांबून मगच परत जोडलं जायचं. एका घराच्या सेटिंगने काय होणार, असं वाटेल. जर्मनीत तीन लाखांहून जास्त सौर यंत्रणा ५०.२ हर्ट्झ या एकाच आकड्यावर सुटतील अशा बसवल्या गेल्या होत्या. वारंवारता तिथवर गेली असती तर सगळ्या एकदम बंद पडून साऱ्या जाळ्याला धक्का बसला असता. २०१२ मध्ये खास नियम करून त्या सगळ्यांची सेटिंग बदलावी लागली.

इन्व्हर्टर वारंवार सुटतो म्हणून त्याची वरची मर्यादा २६० किंवा २७० करून देणारे तंत्रज्ञ भेटतात. त्यांना नाही म्हणा. निर्मिती वाढेल, पण तोच चढा दाब शेजाऱ्याच्या टीव्हीत आणि पंपात जाईल.

दुसरी गोष्ट एसी केबल, म्हणजे इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची. ५ किलोवॅटला साधारण २२ अँपिअर. ३० मीटर अंतरासाठी ४ चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर वापरली तर घरातच ६ व्होल्ट चढतात. १० चौरस मिलीमीटरची वापरली तर अडीचच्या आत. दुपारी २४२ दाखवणाऱ्या घराला या साडेतीन व्होल्टचं महत्त्व कळतं. त्याहून सोपा उपाय म्हणजे इन्व्हर्टर गच्चीवर न ठेवता खाली मीटरजवळ, सावलीत बसवायचा. लांब अंतर पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या डीसी वायरने कापलं की त्याचा जाळ्याच्या दाबावर काहीच परिणाम होत नाही, आणि इन्व्हर्टरही उन्हापासून वाचतो.

तिसरी अर्थिंग. पॅनल-सांगाडा, एसी बाजू आणि वीजरोधक (आकाशातून पडणारी वीज जमिनीत उतरवणारा), तिघांना तीन वेगळे खड्डे. तिन्ही एकाच खड्ड्यात उतरवून पैसे वाचवणाऱ्याला बाकीचं कामही देऊ नका.

सोसायटीसाठी एक महत्त्वाची सूचना. लिफ्टसाठी डिझेल जनरेटर असेल तर सौर इन्व्हर्टर त्याच्या विजेलाही बाहेरची वीज समजून जोडला जाऊ शकतो. मग लिफ्टचा भार कमी झाला की सौरची वीज उलटी जनरेटरमध्ये शिरते आणि तो खराब होतो. जनरेटर चालू असताना सौर आपोआप तुटेल असं इंटरलॉक किंवा दोघांचं प्रमाण सांभाळणारा कंट्रोलर लावूनच काम स्वीकारा. कोटेशनमध्ये याचा उल्लेख नसेल, तर तो लिहून घ्या.

पायरी ७ : चालू करायचा दिवस

महावितरणचे कर्मचारी नेट मीटर लावायला येतात तो दिवस सह्यांत घालवू नका. त्यांच्यासमोर मेन स्विच बंद करायला सांगा : इन्व्हर्टर लगेच थांबला पाहिजे. स्विच चालू केल्यावर मिनिटभर तरी थांबून मग तो जोडला गेला पाहिजे. नंतर घरातला वापर बंद करून मीटरवर निर्यातीचा आकडा पुढे सरकतो का ते बघा. मीटर उलटा जोडला गेला तर दिलेली वीज घेतलेली म्हणून मोजली जाते, आणि ते पहिल्या बिलापर्यंत कळत नाही. आयात, निर्यात आणि निर्मिती या तिन्ही आकड्यांचा तारखेसह फोटो काढून ठेवा.

पायरी ८ : पहिलं वर्ष

आता सवयी थोड्या बदलायच्या. धुण्याचं मशीन, पाण्याचा पंप, इस्त्री, स्कूटरचं चार्जिंग हे सगळं ११ ते ३ मध्ये आणा. नेट मीटरिंगमध्ये जमा युनिट परत मिळतातच, मग वेळ कशाला बदलायची, असं लोक विचारतात. एक कारण दाबाचं : दोन किलोवॅटचा गिझर दुपारी चालला की तेवढी वीज तारेवर जातच नाही आणि इन्व्हर्टर सुटण्याची शक्यता घटते. दुसरं कारण दराचं. स्मार्ट मीटर आल्यापासून दिवसाच्या वेळेनुसार वेगळा दर हा प्रकार घरगुती बिलांतही शिरतो आहे, आणि ९ ते ५ हे सौर तास मानले जातात. त्या वेळेत दिलेली वीज रात्रीच्या वापराशी कशी वळती होते, हे आयोगाच्या दर आदेशांनुसार बदलत राहतं. दरवर्षी एप्रिलमध्ये आपल्या बिलाच्या मागची बाजू नीट वाचा.

तिसरं कारण सगळ्यांचं आहे. संध्याकाळी सातला राज्यातले सगळे पॅनल एकदम थंडावतात आणि त्याच वेळी घरोघरी दिवे, मिक्सर, एसी सुरू होतात. ती पोकळी भरायला कोयनेसारखं १,९६० मेगावॅटचं जलविद्युत केंद्र कामी येतं, कारण पाण्यावरची वीज काही मिनिटांत वाढवता येते. पण कोयनेच्या पाण्याला कृष्णा पाणीवाटप लवादाची मर्यादा आहे, आणि दुसरं कोयना काही उभं राहायचं नाही. रात्रीचा जेवढा वापर दुपारकडे सरकेल, तेवढं हे ओझं हलकं होईल.

इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये ‘ग्रिड ओव्हरव्होल्टेज’ अशा नोंदी दिसल्या तर त्यांचे स्क्रीनशॉट तारखेसह साठवा. त्यांच्यासोबत सौर बसवण्यापूर्वीची दाबाची वही जोडली की तक्रारीला वजन येतं. १९१२ वर किंवा शाखा कार्यालयात नोंद करून क्रमांक घ्या आणि नेमकं मागा : फेज समतोल तपासावा, न्यूट्रलचे जोड घट्ट करावेत, रोहित्राला दाब बदलायचा टॅप असल्यास त्याने दाब एक पायरी खाली घ्यावा. ‘सौर चालत नाही’ एवढंच लिहिलं तर विक्रेत्याकडे बोट दाखवलं जातं. दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, आणि त्याच्यावर मुंबई व नागपूर इथे कार्यालय असलेले विद्युत लोकपाल. मंचापुढे वकील लागत नाही.

गावाचा विचार करत असाल तर

घरांनी एकेकटं जोडण्यापेक्षा गावाने मिळून जोडणं कधीकधी जास्त सोपं जातं. साताऱ्यातल्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. तिथे घरांसोबत ग्रामपंचायतीची वीजही सौरवर आली. सगळं गाव एकाच वेळी अर्ज करतं तेव्हा कोणतं घर कोणत्या फेजवर आणि रोहित्र पुरेल का, हे एकदाच आणि नीट ठरवता येतं.

शेतीपंपांसाठी वेगळी वाट आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत, जिची सुरुवात २०१७ मध्ये झाली आणि दुसरा टप्पा २०२३ मध्ये आला, सबस्टेशनजवळच्या जमिनीवर काही मेगावॅटचा प्रकल्प उभा करून तो थेट शेतीच्या फीडरला जोडतात. दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला झाला, ३ मेगावॅटचा. भर दुपारी तेवढ्यावर ५ अश्वशक्तीचे सहाशे-सातशे पंप ढोबळ मानाने चालतात. वीज तयार होते त्याच वेळी, त्याच फीडरवर ती वापरली जाते, म्हणून दाब चढण्याचा प्रश्न फारसा येत नाही. आणि रात्री पाणी द्यायला, बिबट्याच्या भीतीने दोघं-तिघं मिळून, बांधावर जावं लागत नाही. सबस्टेशनपासून ५ ते १० किलोमीटरच्या आत गायरान किंवा पडीक जमीन असेल तर ती भाड्याने देता येते. खासगी जमिनीसाठी हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये असा दर योजनेत ठेवला आहे. ग्रामसभेत विषय मांडण्यापूर्वी दोन गोष्टी घेऊन जा : गट नंबरसह जमिनीचा सातबारा, आणि तुमचे शेतीपंप गावठाणापासून वेगळ्या केलेल्या फीडरवर आहेत का, याचं महावितरणच्या उपविभागाकडून मिळालेलं उत्तर.